नायक जेवला कधी?

एक टेबल डोळ्यांसमोर आणा बरं. डोळे मिटू नका हं, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. मोठं, लाकडी टेबल. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, नाहीतर ते डुगडुगतं. वर एका बरणीत अकरा पेन्सिली, टोकं छताकडे. बरणीशेजारी रेघांच्या पिवळट कागदांचा गठ्ठा. समोर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आणि खिडकीखाली बसथांबा. आणलंत? आता त्या टेबलाशी एक खुर्ची ठेवा आणि ती रिकामी ठेवा. कारण या टेबलाची मालकीण बसून लिहीतच नसे. ती खिडकीपासून दारापर्यंत चालत जायची, दारापासून खिडकीपर्यंत परत यायची आणि टेबलाजवळून जाता जाता वाकून एक वाक्य लिहायची. मग पुन्हा चालू लागायची.

ती प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायची. सव्वीस लिहून झाल्या होत्या, सत्ताविसावी चालू होती.

रोज सकाळी सात ते अकरा हे तिचं काम. पायात फिरायला जायचे बूट घालायची, कारण सपाता घालून लिहिलं की वाक्यं आळशी होतात असं तिचं म्हणणं. तिच्या नायकांची नाकं खालच्या बसथांब्यावरून यायची आणि भांडणं दातांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावरून. तिथे ती दात दुखत नसतानाही जाऊन बसायची. संवाद मोठ्याने म्हणून बघायची, नायकाचा जाड आवाजात, नायिकेचा बारीक. एकदा पोस्टमनने दाराबाहेरून ‘जाऊ नकोस, मी तुझ्याशिवाय जगणार नाही!’ असं ऐकलं आणि सही न घेताच तो बिचारा जिना उतरून गेला.

आणि लिहिताना ती जेवायचं विसरायची. सकाळचा चहा दुपारी सायीसकट सापडायचा. तिचा भाऊ फोनवर पहिलं वाक्य ‘काही खाल्लंस का?’ असंच म्हणायचा, आणि ती म्हणायची, “कधी?”

त्या सुट्टीत या भावाची मुलगी तिच्याकडे राहायला आली होती. दहा वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. का, ते तिला पाच मिनिटं एका जागी बसवायचा प्रयत्न केलात तर कळलं असतं. आईबाबा घर बदलत होते, आणि सामानाच्या खोक्यांमध्ये भिंगरी नसलेली बरी, असं सगळ्यांचं एकमत झालं होतं.

आत्याने तिला दोन कामं दिली. पेन्सिलींना टोकं काढायची आणि लिहिलेल्या पानांवर आकडे घालायचे. आणि एक नियम सांगितला.

“माझी छापलेली पुस्तकं उघडायची नाहीत.”

“मी?”

“तू नाही, मी नाही, कुणीच नाही. या घरात तरी नाही.”

ती सव्वीस पुस्तकं वरच्या फळीवर वर्तमानपत्राची कव्हरं घालून ओळीने उभी होती. भिंगरीने का म्हणून विचारलं. आत्याने आधी ऐकू न आल्यासारखं केलं आणि मग सांगितलं.

“पहिलं पुस्तक छापून आलं ना, तेव्हा हौसेने वाचायला बसले. पान अकरावर नायकाला मिश्या होत्या.”

“मग?”

“पान बारावर नव्हत्या.”

“दाढी करून आला असेल.”

“तो घोड्यावर होता गं! चालत्या घोड्यावर!” आत्याने कपाळाला हात लावला. “तीन दिवस रडले. तेव्हा कानाला खडा लावला. लिहायचं, द्यायचं आणि विसरायचं. छापलेलं पुस्तक पुन्हा म्हणून उघडायचं नाही.”

त्या मिश्यांच्या प्रकरणानंतरच टायपिस्टकाका आले. मागच्या गल्लीत घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत ते राहायचे. कोर्टात एकतीस वर्षं टायपिंग केलेले. अंगाने गोल, बोलायला हळू, आणि टाय न बांधता कधीही टायपिंगला न बसणारे. दुसऱ्या पुस्तकापासून आत्याची मुंग्यांसारखी अक्षरं तेच टाइप करायचे. छपाईआधीची तपासणीही तेच करायचे. काम झालं की आत्याची हस्तलिखितं दोऱ्याने बांधून परत आणून द्यायचे, आणि आत्या तो गठ्ठा न सोडता पलंगाखाली सरकवायची.

आता या वेळी काय झालं, तर प्रकाशकांच्या कचेरीने नवी पद्धत काढली. पानांचे फोटो फोनवर काढून पाठवायचे, टाइप कचेरीतच करायचं. आत्याने टायपिस्टकाकांना जिन्यात गाठून ते सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” मग दोन पायऱ्या उतरून थांबले, “बरं, बरं,” म्हणाले आणि गेले.

नऊ प्रकरणांचे फोटो गेले. भिंगरीनेच काढले. चौथ्या प्रकरणात एका कोपऱ्यात तिचा अंगठाही गेला.

मंगळवारी सकाळी संपादकबाईंचा फोन आला. आत्याच्या पुस्तकांची सगळी देखभाल या बाई करायच्या. आत्याने स्पीकर चालू केला, कारण तिला कौतुक ऐकायचं होतं आणि भिंगरीलाही ऐकवायचं होतं.

“अगं, एक बोलू का?” संपादकबाई म्हणाल्या. “तुझी वाटत नाहीत ही प्रकरणं.”

“म्हणजे? माझीच आहेत. पेन्सिल माझी, बूट माझे.”

“कथा छान आहे. भांडण तर फक्कड. पण ती ऊब कुठे गेली? तुझी माणसं एकमेकांची कशी काळजी घ्यायची! लोक त्यासाठीच तर वाचतात तुला. इथे सगळी नुसती एकमेकांकडे बघत उभी आहेत. गार पडलीत गं.”

आत्याने स्पीकरचा आवाज कमी केला.

“थकली असशील,” संपादकबाई हळूच म्हणाल्या. “सव्वीस पुस्तकं म्हणजे काही कमी नाही. थांबायचं असेल तर तसं सांग, कुणी काही म्हणणार नाही. शनिवारी दुपारी बाराला फोन करते. लिहिणार की थांबणार, एवढंच सांग.”

फोन ठेवल्यावर आत्या खुर्चीवर बसली. भिंगरीने तिला त्या खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

बुधवारी आत्याने बूट घातलेच नाहीत. ती पलंगावर आडवी झाली, डोळ्यांवर हात घेतला आणि म्हणाली, “तो अकराव्या पुस्तकाचा गठ्ठा काढ. त्याच्यावर सगळ्यात जास्त पत्रं आली होती. वाच मोठ्याने. बघू तरी मी काय लिहीत होते ते.”

भिंगरीने गठ्ठा सोडला. पहिल्या ओळीत ती तीन वेळा अडखळली, दुसरीत पाच वेळा. मुंग्या तरी सरळ चालतात हो! आत्याचे डोळे हाताखाली झाकलेलेच होते. भिंगरीने फळीकडे पाहिलं. मग पाय न वाजवता ती स्टुलावर चढली, अकरावं छापलेलं पुस्तक काढलं, हस्तलिखिताच्या पानांमध्ये धरलं आणि घडाघडा वाचू लागली. नियम मोडला, हो. पण तिच्या जागी तुम्ही असतात तर मुंग्या वेचत बसला असतात का, खरं सांगा.

“तीन रात्रींचा प्रवास करून तो तिच्या दारात उभा राहिला,” भिंगरी वाचत होती. “‘आधी आत ये. दोन अंडी उकडते,’ ती म्हणाली. मग दोघं एकमेकांकडे पाहत राहिली.”

“थांब. अंडी काय मधेच?”

“असंच आहे.”

“काहीतरीच! मी या दोघांना सात वर्षांनी भेटवते आहे आणि ती अंडी उकडेल? तुला भूक लागली असेल तर तसं सांग ना. पदरचं घालू नकोस.”

भिंगरी पुढे वाचू लागली. अर्ध्या पानानंतर नायिकेने कोरडे मोजे घातले आणि आत्या उठून बसायलाच निघाली. भिंगरीने पुस्तक झटकन फ्रॉकखाली लपवलं.

“पुरे,” आत्या पुन्हा आडवी होत म्हणाली. “तुझं लक्ष नाही. लोकही असेच. त्या अंड्यांवरून मला चाळीस पत्रं आली असतील. मी म्हणायचे, ही माणसं मला भलत्याच कुणाचं पुस्तक वाचून पत्रं लिहितात.”

दुपारी आत्याला झोप लागली. भिंगरी टेबलाखाली शिरली आणि एका गुडघ्यावर मुंग्या, दुसऱ्या गुडघ्यावर छापील पुस्तक घेऊन बसली. बोट ठेवून एकेक ओळ जुळवू लागली. आणि पाच मिनिटं एका जागी न बसणारी ही मुलगी तिथे दोन तास बसली.

हस्तलिखितात अंडी नव्हती. मोजे नव्हते. नायक बॅग गाडीत विसरून उतरला होता, ती छापील पुस्तकात कुणीतरी त्याला धावत आणून दिली होती. जिथे जिथे फरक होता तिथे भिंगरीने कागदाचा कपटा घातला. एकोणचाळीस कपटे झाले.

गुरुवारी ती पाव आणायला म्हणून निघाली आणि घड्याळाच्या दुकानाचा जिना चढली. टायपिस्टकाका टाय बांधून बसले होते. समोर मशीन होतं, मशीनसमोर कागद नव्हता.

भिंगरीने कपट्यांनी फुगलेलं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी ते पाहिलं आणि टाय सैल केला.

“किती सापडले?” त्यांनी विचारलं.

“एकोणचाळीस.”

“बेचाळीस आहेत,” काका म्हणाले आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

“काका! तुम्ही घातलंत हे सगळं?”

“घातलं म्हणजे... बाळ, तू तरी सांग. माणूस तीन रात्री प्रवास करून आलाय. घोटभर पाणीसुद्धा नाही. आणि तुझी आत्या त्याला दारात उभा करून चार पानं बोलायला लावते. माझ्याने टाइप होईना. बोटंच थांबली.”

“म्हणून अंडी?”

“घरात पटकन दुसरं काय असतं?” काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. “एकतीस वर्षं कोर्टात बसलो. रोज कुणीतरी समोर रडायचं, भांडायचं. कितीदा वाटायचं, थांबा, यांना आधी पाणी द्या. पण तिथे जे बोलतील तेवढंच टाइप करायचं. एक टिंब इकडचं तिकडे करायची परवानगी नव्हती. तुझ्या आत्याचं काम आलं आणि मला वाटलं, इथे कुणाला कळणार आहे? हाती आलेल्या पहिल्याच पुस्तकात एक ग्लास पाणी घातलं. मग सवयच लागली.”

“सगळ्या पुस्तकांत?”

“पंचविसांत. चौदाव्यात तर कहर होता. नायिकेचा धाकटा भाऊ सहाव्या प्रकरणात बागेत झोपाळ्यावर बसतो, आणि तुझी आत्या त्याला विसरून जाते. पुढे लग्न होतं, हे लोक परदेशी जातात, पोरगं बागेतच! दोनशे पानं! शेवटी मीच शेजारच्या बाईंना पाठवून त्याला घरी आणवलं.”

भिंगरी इतकी हसली की खालून घड्याळवाल्याने छतावर काठी ठोकली. मग ती एकदम थांबली आणि मंगळवारचा फोन, शनिवारचे बारा आणि न घातलेले बूट, असं सगळं तिने सांगितलं. काकांचा चेहरा उतरला.

“तिला सांगू नकोस हं,” ते म्हणाले. “तिला वाटेल, लोकांना जे आवडलं ते तिचं नव्हतंच. मग ती खरंच पेन्सिल धरणार नाही. मी मूर्ख म्हातारा, गप्प टाइप करायचं सोडून... शब्द दे मला. सांगणार नाहीस.”

भिंगरीने शब्द दिला. द्यावाच लागला.

आता पाहा तिची पंचाईत. सांगितलं तर शब्द मोडतो आणि आत्याचं मन मोडतं. नाही सांगितलं तर शनिवारी बारा वाजता आत्या ‘थांबते’ म्हणणार. घरी परतताना ती पाव आणायचंही विसरली.

शुक्रवारी सकाळी आत्याने अकरा पेन्सिली बरणीतून काढल्या, त्यांना रबरबँड लावला आणि त्या भिंगरीपुढे धरल्या.

“शाळेत होतील तुला.”

“मला नकोत.”

“घे गं. मला आता कशाला?”

भिंगरीने हात मागे बांधले. तिच्या डोक्यात चक्रं फिरत होती. सांगणार नाही असं तिने म्हटलं होतं. पण विचारणार नाही असं कुठे म्हटलं होतं? तिने सत्ताविसाव्या पुस्तकाची पानं ओढली आणि उगाच चाळल्यासारखं केलं.

“आत्या, तुझा हा पूल बांधणारा इंजिनियर. पहिल्या प्रकरणात तो पहाटे घरातून निघतो ना?”

“हो.”

“आणि आता नववं प्रकरण. मधे दोन दिवस गेले.”

“बरं, मग?”

“जेवला कधी?”

आत्याने हात उडवला. “प्रेमात पडलेल्या माणसाला भूक लागत नाही.”

“मला लागेल.”

“तू आधी पड तर!”

“आणि ती जनावरांची डॉक्टर. तिसऱ्या प्रकरणात वादळात भिजते. नवव्यातही तिच्या बाहीतून पाणी गळतंय. कपडे बदलले नाहीत? शिंका येत नाहीत तिला?”

आत्या हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. “अगं, कादंबरी आहे ती! कादंबरीत कुणी असलं काही...” आणि ती बोलता बोलता थांबली.

“अंडी,” ती म्हणाली.

भिंगरी ओठ घट्ट दाबून उभी. दिलेला शब्द दातांनी धरून ठेवल्यासारखी.

“चाळीस लोक खोटं कशाला लिहितील?” आत्या स्वतःशीच म्हणाली. तिने वर फळीकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, चढली आणि एक पुस्तक काढून त्याचं वर्तमानपत्राचं कव्हर टराटरा फाडलं.

त्या दिवशी घरात काय चाललं होतं हे जिन्यातून जाणाऱ्या कुणाला कळलं नसतं. आत्या जमिनीवर बसून पुस्तकामागून पुस्तक वाचत होती. मधेच ओरडायची, “सूप? याला सूप कुणी दिलं?” मधेच पोट धरून हसायची. चौदाव्या पुस्तकाशी आल्यावर ती म्हणाली, “अरे देवा, तो बागेतला मुलगा.” मग तिने डोळे पुसले. भिंगरीने गुपचूप एक बशीभर बिस्किटं तिच्या गुडघ्याशी सरकवली. आत्याने न बघता सगळी खाल्ली.

शनिवारी सकाळी आत्याने बूट घातले, पिशवीत पाच पुस्तकं, नऊ प्रकरणं आणि त्या अकरा पेन्सिली कोंबल्या आणि ती घड्याळाच्या दुकानाचा जिना धाडधाड चढली. भिंगरी मागे.

टायपिस्टकाकांनी दार उघडलं आणि आधी भिंगरीकडे पाहिलं.

“मी नाही सांगितलं!” भिंगरी ओरडली. “मी फक्त विचारलं!”

“अकरावं पुस्तक, पान पाच,” आत्या म्हणाली. “माझ्या नायकाला अंडी कुणी खायला घातली?”

“बाई, तो तीन दिवसांचा उपाशी होता,” काका पुटपुटले.

“विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतं.”

“टाकलंच असतं! फाडून टाकलं असतं!” आत्या एकमेव खुर्चीत धपकन बसली. तिचा आवाज खाली आला. “पंचवीस पुस्तकं, टायपिस्टसाहेब. लोक ज्यासाठी पत्रं लिहीत होते, ते सगळं तुमचं. मग माझं काय होतं त्यात? मला वाटत होतं मी लेखिका आहे.”

खालून घड्याळांची टिकटिक तेवढी येत होती. भिंगरीने श्वास रोखून धरला.

काकांनी टेबलाचा खण उघडला, आतून एकच कागद काढला आणि आत्याच्या हातात दिला. कान लाल झाले होते त्यांचे.

“हे काय?”

“माझी कादंबरी. गेल्या महिन्यात काम नव्हतं, म्हटलं आपणही लिहून बघावं. वाचा.”

आत्याने मोठ्याने वाचलं. “‘तो घरी आला. ती म्हणाली, हात धू. दोघं पोटभर जेवली. भांडी घासली. दार नीट लावलं आणि झोपली.’” तिने कागद उलटा केला. “पुढे?”

“पुढे काही नाही. संपली.”

“एवढीच?”

“दोघं जेवली, बाई. आता आणखी काय करणार ती? मी आठ दिवस विचार केला. भांडण सुचत नाही, रुसवा सुचत नाही, घोडा सुचत नाही. माझ्याकडे नुसती अंडी आहेत. दारात येणारं माणूस तुम्ही आणता.”

आत्याच्या ओठांचे कोपरे हलले. मग खांदे हलले. मग ती अशी हसत सुटली, की खालून काठीचे ठोके पडले, पुन्हा पडले आणि शेवटी घड्याळवाल्याने नाद सोडला. काकाही हसू लागले. भिंगरीने रोखून धरलेला श्वास एकदाचा सोडला.

“हे घ्या,” आत्याने नऊ प्रकरणं टेबलावर आपटली. “घाला काय घालायचं ते.”

“नाही,” काका म्हणाले. हळूच म्हणाले, पण ठाम. “आता चोरून काही घालणार नाही. तुम्ही वाचा, मी विचारेन. लिहायचं तुम्ही.”

“विचारा तर.”

“नववं प्रकरण. तो जखमी कुत्रा घेऊन तिच्या दवाखान्यात येतो. वादळातून आलाय. ती त्याला काय देते?”

“कटाक्ष.”

“बाई!”

“बरं बरं. टॉवेल.”

“कुत्र्याचा की माणसांचा?”

“टायपिस्टसाहेब, अंत पाहू नका! दवाखान्यात एकच टॉवेल आहे. आधी कुत्र्याला पुसते, मग...” आत्या थांबली. “मग तोच टॉवेल ती त्याला देते. आणि त्याला कळतं, ती अजून रागावलेली आहे. पण हाकलत नाहीये.”

काकांच्या भुवया वर गेल्या. “हे मला कधीच सुचलं नसतं,” ते म्हणाले.

“मला तरी कुठे सुचलं होतं परवापर्यंत?” आत्या उठली. छोटीशी खोली, तीन पावलांत संपणारी. ती तीन पावलं जायची, वळायची, वाकून लिहायची. काका म्हणायचे, सूप द्या. ती म्हणायची, जनावरांच्या दवाखान्यात सूप कुठलं, डोकं ठिकाणावर आहे का? मग बिस्किटं द्या. कुणाची, कुत्र्याची? दोघं अशी काही भांडू लागली की कुणी बाहेरून ऐकलं असतं तर सोडवायला धावत आलं असतं.

आणि त्या गलक्यात पिशवीतला फोन वाजू लागला.

तो आत्याला ऐकू गेला नाही. काकांनाही नाही. भिंगरीने फोन काढला. पडद्यावर संपादकबाईंचं नाव होतं आणि वर वेळ होती, बरोबर बारा. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या एका वाक्याच्या मधोमध होती, पेन्सिल हवेत.

भिंगरी फोन घेऊन जिन्यात गेली आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.

“हॅलो. मी भाची बोलतेय.”

“अगं, आत्याला दे ना.”

“आत्ता नाही देता येणार. ती कुत्रा पुसतेय.”

“तिने कुत्रा पाळला?”

“नवव्या प्रकरणातला. ती लिहितेय. सगळी नऊ प्रकरणं नव्याने लिहिणार आहे, त्यात बरेच लोक उपाशी राहिलेत. आणि ओलेसुद्धा आहेत.”

“म्हणजे लिहिणार?” संपादकबाईंचा आवाज एकदम उजळला. “थांबणार नाही ना?”

“नाही थांबणार. मला एक विचारायचं होतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाकुणाचं नाव घालायचं, ते कोण ठरवतं? तुम्ही का?”

“नाही गं. आमची लेखिका जे पान लिहून पाठवते तसंच आम्ही छापतो.”

“एक अक्षरही न बदलता?”

“एक अक्षरही न बदलता.”

भिंगरीने आभार मानले, फोन बंद केला आणि ती आत आली. आत आता बिस्किटांवरचं भांडण मिटून चहावर आलं होतं. टेबलाच्या कडेला नव्या कादंबरीचं पहिलं पान पडलं होतं. त्यावर मधोमध कादंबरीचं नाव, त्याखाली आत्याचं नाव आणि त्याखाली भरपूर मोकळी जागा होती.

भिंगरीने पिशवीतून एक पेन्सिल काढली, टोक नीट आहे ना ते बोटाने बघितलं, जमिनीवर पालथी पडली आणि जीभ किंचित बाहेर काढून आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात आत्याच्या नावाखाली लिहिलं:

‘जेवणखाण, कोरडे मोजे आणि हरवलेली मुलं: टायपिस्टकाका.’